डाव्या पायाचं वजन

यासीनभाई,

तुमचा जनाजा निघाला तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी स्कूटी लावून उभी होते. घरात बायका जमल्या होत्या, मला आत जाता आलं असतं. भाभींनी ओळखलंही असतं. पण पाय उचलला नाही. कुपवाडचे तुमचे लेथवाले, वेल्डिंगवाले, तासगावचे दोन-तीन बेदाण्याचे व्यापारी, सगळे खांदा बदलत माझ्यासमोरून गेले. शेजारी उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्यानं विचारलं, "तुमच्या वळखीचे व्हते का?"

"हो," म्हणाले. शाळेत येत होते म्हणून सांगावं, तर का यायचे बंद झाले तेही सांगावं लागलं असतं.

या गोष्टीला आज बावीस दिवस झाले. या बावीस दिवसांत मी जे केलं ते तुम्ही असताना करायला हवं होतं. ते कुणाला सांगायचं तर तुम्हालाच, म्हणून लिहितेय.

तुम्ही पहिल्यांदा शाळेत आलात ते वजनकाटा दुरुस्त करायला. एका व्यापाऱ्यानं त्याच्या शेडवरचा जुना इलेक्ट्रॉनिक काटा शाळेला दिला होता आणि तो प्रत्येक मुलीचं वजन वेगळ्याच मुलीचं असल्यासारखं दाखवायचा. अर्ध्या तासात तुम्ही तो ठीक केलात. मग जायचं सोडून मैदानाच्या कडेला पायरीवर बसलात. माझ्या मुलींचा खो-खोचा सराव चालला होता. मला वाटलं, चहाची वाट बघताय. चहा घेऊन आले तर तुमचे डोळे मिटलेले होते.

"झोप लागली का?"

"न्हाई. ऐकतोय," तुम्ही म्हणालात. "ती लाल टी-शर्टवाली पोरगी. तिचं एक पाऊल वाजतं, दुसरं वाजत न्हाई."

ती सानिका होती. तिची टाच दुखत होती आणि तिनं महिनाभर मला सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षं मी क्रीडाशिक्षिका आहे, रोज तिला पळताना बघत होते. तुम्ही डोळे मिटून दहा मिनिटांत ओळखलंत.

त्यानंतर दीड महिन्यानं तुम्ही टेम्पोतून ते यंत्र घेऊन आलात. जाड पत्र्याच्या दोन चौकोनी फळ्या, शेजारी शेजारी, प्रत्येकीच्या चारही कोपऱ्यांखाली तुमच्या काट्यातले वजन टिपणारे लोडसेल, आणि तिथून एक वायर जुन्या लॅपटॉपला. एक पाय एका फळीवर, दुसरा दुसऱ्या. पोरीनं उडी मारायची आणि परत तिथंच उतरायचं. लॅपटॉपवर दोन रेघा उमटायच्या, डाव्या पायाची निळी, उजव्या पायाची लाल. जमिनीला किती जोरात रेटलं, हवेत किती वेळ राहिली, उतरताना भार कुठल्या पायावर घेतला, सगळं दिसायचं. समोर तिकाटण्यावर तुमचा मोबाईल, उतरताना गुडघा सरळ राहतो की आत कलतो ते संथ करून दाखवायला. असली यंत्रं मोठ्या शहरांत मोठ्या खेळाडूंसाठी असतात हे मी ऐकून होते. तुम्ही ती मोबाईलवर बघितली होती आणि म्हणाला होतात, "आवं, हे तर काटंच हाईत. चार पायांचं दोन काटं."

मुली त्याला पाट म्हणायला लागल्या. "बाई, आज पाटावर बसायचं न्हवं, उडायचं," असं म्हणून हसायच्या. दर सोमवारी आणि गुरुवारी तुम्ही यायचात. पैशाचं नाव काढलं की विषय बदलायचात. तुमची मुलगी लहानपणी पळायची, लग्न होऊन हुबळीला गेली, एवढंच एकदा बोलला होतात.

सानिकाची टाच बरी झाल्यावरही सोमवारी तिची उडी बसायची. गुरुवारी चांगली, सोमवारी वाईट. मी तिला सगळ्यांसमोर आळशी म्हटलं होतं, एकदा नाही, कितीतरी वेळा. तुम्ही मात्र तिला बाजूला घेऊन विचारलंत, "बेटा, रविवारी काय करतीस?" तर ती रविवारी दिवसभर आईबरोबर शेडवर बेदाणा निवडायला जायची. सकाळपासून अंधार पडेपर्यंत एका जागी मांडी घालून. तुम्ही येऊन मला सांगितलंत, पण असं सांगितलंत की मला लाज वाटू नये. "पोरगी चांगली हाय. रविवार वाईट हाय," एवढंच. मी तिचा सोमवारचा सराव हलका केला. त्याच दिवसापासून मी तुम्हाला भाई म्हणायला लागले आणि तुम्ही मला मॅडमऐवजी ताई.

आपला वादही तिथूनच सुरू झाला. मी म्हणायचे, खो-खो डोक्यात आणि छातीत असतो, पायात नंतर येतो. जिद्द कुठल्या काट्यावर मोजता ते सांगा. तुम्ही ग्राफवरची नजर न काढता म्हणायचात, "जिद्द मोजायची काय गरज, ताई? ती दिसतीच की. दिसत न्हाई ते मोजायचं." मी म्हणायचे, मोजून मोजून पोरी घाबरतील. तुम्ही म्हणायचात, घाबरल्या तर घाबरू द्या, त्यांचा पाय हाय. हा वाद कधी संपला नाही. संपवायची घाईही नव्हती, असं तेव्हा वाटायचं.

मग प्रणालीची गोष्ट झाली.

प्रणालीसारखी मुलगी माझ्या हातात परत येईल असं मला वाटत नाही. खांबाला वळसा घालताना ती जमिनीला इतकी टेकायची की गडी कुठल्या बाजूला पळावं हेच विसरायचा. वडील हणमंतराव फौजेतून निवृत्त होऊन तुमच्याच कुपवाडला एका कारखान्यात सुरक्षारक्षक. पोरीच्या खेळावर त्यांचा जीव. राज्याच्या संघाची निवड चाचणी आठ दिवसांवर आली होती. तिचं नाव संघात येणार हे सगळा तालुका धरून चालला होता. आणि मीही.

त्या सोमवारी तुम्ही मला लॅपटॉपजवळ बोलावलंत. प्रणालीच्या तीन आठवड्यांच्या रेघा एकाखाली एक लावल्या होत्या. निळी रेघ दर वेळी थोडी खाली. उतरताना ती जवळजवळ सगळा भार उजव्या पायावर घेत होती. मग व्हिडिओ दाखवलात. डावा गुडघा उतरताना आत कलत होता, एखादी फांदी ओझ्यानं लवावी तसा.

"मागं पाय मुरगळला व्हता का हिचा?"

"दिवाळीनंतर थोडा. आता काही नाही. पळते बघा की."

"पळती. पण डाव्यावर भरवसा न्हाई तिचा. ताई, पंधरा दिस द्या तिला. पायात ताकद भरू द्या."

"आठ दिवसांवर निवड आहे."

"म्हायती हाय मला."

मी म्हणाले, यंत्रात काहीतरी बिघाड असेल. तुम्ही वाद घातला नाहीत. गुरुवारी वीस-वीस किलोची शिक्का मारलेली वजनं टेम्पोतून घेऊन आलात. एकेक उचलून आधी डाव्या फळीवर ठेवलंत, मग उजव्या. दोन्हीकडं आकडा तोच. तुमचा शर्ट पाठीला चिकटला होता. मुली बाजूला उभ्या होत्या, प्रणालीही होती.

"बघा ताई. काटा सरळ हाय."

आणि मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले. "तुमचा काटा बेदाण्याची पेटी तोलायला ठीक आहे, यासीनभाई. माझी खेळाडू पेटी नाही."

दोन मुली हसल्या. तुम्ही वजनं एकेक करून परत टेम्पोत ठेवलीत. जाताना म्हणालात, "येतो, मॅडम."

मॅडम. तो शब्द मला त्याच क्षणी टोचला होता. मी स्वतःला सांगितलं, निवड झाली की जाऊन बोलू. प्रणालीला रेघांचा अर्थ काय ते मी सांगितलंच नाही. तिच्या वडिलांनाही नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, नको खेळायला. ते असं म्हणतील याचीच मला भीती होती. हे मी आता लिहू शकते. तेव्हा मी त्याला पोरीचं मन न खचवणं असं नाव दिलं होतं.

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या डावात, प्रणालीनं खांबाजवळ सूर मारला, गडी बाद केला, उठली, वळली आणि बसली. कुणी धक्का दिला नव्हता. डाव्या गुडघ्याला दोन्ही हात धरून ती माझ्याकडं बघत होती. ओरडली नाही. मिरजेला नेलं. लिगामेंट तुटलं होतं, ऑपरेशन करावं लागलं.

यानंतरचा दिवस मला विसरता येत नाही, यासीनभाई. मुख्याध्यापकांच्या खोलीत हणमंतराव उभेच होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. तुम्हाला मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं होतं. तुम्ही दाराशी, लॅपटॉपची पिशवी खांद्याला.

"ह्या लोखंडावर रोज उड्या मारायला लावल्या पोरीला," हणमंतराव म्हणाले. "तिथंच गुडघा खिळखिळा झाला तिचा. फौजेत आमी पंधरा वर्षं पळालो, आमाला कुणी पत्र्यावर उभं केलं न्हाई. ह्यो माणूस डॉक्टर हाय का? काटं दुरुस्त करणारा माणूस ह्यो."

मुख्याध्यापक माझ्याकडं वळले. "मॅडम, तुमचं काय म्हणणं?"

तुम्हीही माझ्याकडं बघितलंत. तुमच्या नजरेत राग नव्हता. मी आता बोलणार अशी खात्री होती. तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत त्या तीन आठवड्यांच्या रेघा होत्या. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. यांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. शाळेतली नोकरी, माझं नाव, तालुक्यातले लोक, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि मी म्हणाले, "यंत्र आता बंद ठेवू, सर."

तुम्ही "बरं" म्हणालात. मैदानाकडच्या खोलीत जाऊन वायर गुंडाळलीत, फळ्या सुट्या केल्यात. मी खिडकीतून बघत होते. मदतीला कुणी आलं नाही, मीही नाही.

पुढं गावात तेच पसरलं. काटेवाल्याच्या यंत्रानं पोरीचा गुडघा घालवला. तुमच्या कानावर आलंच असणार. दोन व्यापाऱ्यांनी तुमच्याकडून काटे घेणं बंद केलं असंही मी ऐकलं, आणि ते ऐकून शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खात राहिले.

आपण त्यानंतर एकदाच भेटलो. कुपवाड रोडला, सिग्नलवर. तुमची मोटारसायकल माझ्या स्कूटीच्या शेजारी आली. तुम्ही बारीक दिसत होता. मला वाटलं, आता बोलाल, आणि बोललात तर बरं होईल. तुम्ही विचारलंत, "पोरगी चालती का, मॅडम?"

"हो. कुबडी सुटली."

"जिना?"

"जिना अजून धरून चढते."

"डाव्यानं पहिलं पाऊल टाकायला लावा," तुम्ही म्हणालात. सिग्नल सुटला. मागची गाडी हॉर्न देत होती. तुम्ही गेलात.

मी प्रणालीला ते सांगितलं, डाव्यानं पहिलं पाऊल. कुणी सांगितलं ते नाही सांगितलं.

आणि मग एका सकाळी शाळेत सानिका रडत आली. तिच्या आईला शेडवर कळलं होतं. वर्कशॉपमध्येच तुमच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सानिका म्हणाली, "बाई, आपण जायचं न्हाई का?" तिला मी वर्गात बसवलं आणि एकटी निघाले. आणि गल्लीच्या तोंडाशी थांबले. ते वर लिहिलंच आहे.

त्या रात्रीपासून मला एकच गोष्ट खात होती. ते खोटं आता कायमचं झालं होतं. तुम्ही होता तोवर कधीतरी सांगू असं म्हणता येत होतं. आता मी गप्प राहिले तर तुमच्या नावावर तेच राहणार.

नवव्या दिवशी मी हणमंतरावांच्या घरी गेले. रविवार होता, ते अंगणात दाढी करत होते. प्रणाली आतून खुर्ची घेऊन आली, हळू, पण न लंगडता. मी म्हणाले, तुम्ही दोघंही ऐका. आणि सगळं सांगितलं. रेघा, व्हिडिओ, पंधरा दिवस, वीस किलोची वजनं, पेटी. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी काय बोलले नाही ते.

हणमंतरावांच्या एका गालावर साबण तसाच होता. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्यो माणूस आमच्या कारखान्यासमोरच्या गाड्यावर रोज चा प्यायला यायचा. मी तोंड फिरवायचो. एकदा त्यानं माझा पण चा सांगितला. मी त्यो मातीत वतला, त्याच्याम्होरं." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "मयतीला आमच्या गेटवरनं समदी गेली. मी ड्यूटी हाय म्हणून बसलो."

प्रणाली उंबऱ्याशी उभी होती. तिच्याकडं बघायचं धाडस करायला मला वेळ लागला.

"बाई, मला सांगितलं असतं तरी मी खेळलेच असते," ती म्हणाली. "पण मला सांगायला पाहिजे होतं."

ती एवढंच बोलून आत गेली. तिनं मला पाणी आणून दिलं नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. आपला वाद होता ना, पोरी घाबरतील की नाही. तुमचं म्हणणं एकदाही नीट ऐकलं नव्हतं मी. त्यांचा पाय हाय, तुम्ही म्हणाला होतात. तिचा पाय होता आणि त्याची खबर माझ्याजवळ होती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे संस्थेकडं पाठवावं लागेल. आता माणूसही गेला, कशाला उकरून काढताय?" मी म्हणाले, पाठवा. अजून उत्तर आलेलं नाही. येईल ते येईल. मला रात्री झोप लागते असं मात्र समजू नका.

काल हणमंतरावांचा फोन आला. "मॅडम, त्येंचं घर कुठं हाय? मला एकट्याला जायचं व्हईना." मी त्यांना घेऊन तुमच्या घरी गेले. या खेपेला गल्लीत थांबले नाही.

भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यानंतरचे ते दिवस पाळताना परक्या पुरुषांसमोर येत नाहीत. हणमंतराव बाहेरच्या खोलीत तुमच्या धाकट्या भावाजवळ बसले. त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. मध्येच एकदा एका माणसाचा हुंदका ऐकू आला, तो कुणाचा तेही माहीत नाही. मी आत भाभींजवळ खाली बसले आणि परत पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होते, तरी सोपं झालं नव्हतं.

भाभींनी मध्ये कुठं अडवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "मला म्हायती हाय. घरी येऊन सांगितलं व्हतं त्यांनी. मी म्हटलं, मग लॅपटॉप उघडून दाखवायचा व्हता की तिथल्या तिथं. तर म्हणाले, काट्यानं सांगून काय उपयोग, त्या बाईनं सांगाया पायजे."

मी म्हणाले, "भाभी, ते माझ्यावर रागावले होते का?"

का विचारलं मी हे? मला काय ऐकायचं होतं ते उघड आहे. गेलेल्या माणसाबद्दल अशा वेळी लोक जे म्हणतात ते. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, मोठ्या मनाचे होते. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती. भाभींनी माझ्याकडं नीट बघितलं.

"राग न्हवता असं मी न्हाई सांगणार, ताई. लय राग व्हता. शेवटपर्यंत व्हता." मग म्हणाल्या, "आणि तुमच्या फोनची वाट पण बघत व्हते. नमाजाला बसताना पण मला बजावून बसायचे, शाळेच्या बाईंचा आला तर उचल म्हणून."

यासीनभाई, पाच महिने होते माझ्याकडं. तुमचा नंबर होता.